प्लॅस्टर कालवताना काय काळजी घ्यावी? शाळेत मुलांच्या हातांचे साचे करायचे आहेत

रंगपेटी
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी सातवी-आठवीच्या मुलांसाठी शिल्पकलेचं शिबिर घ्यायचं ठरलंय. शाडूचं काम दरवर्षी होतं, यंदा प्लॅस्टरचं ओतकाम दाखवायचं आहे. एका पालकांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक मुलगा बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून बसतो, आणि शेवटी त्याच्या हाताची हुबेहूब प्रतिकृती निघते, नखं, रेषा, सगळं. मुख्याध्यापकांना हे फार आवडलं. प्रत्येक मुलाने आपला हात घरी न्यायचा, अशी कल्पना आहे.

मुलं साधारण ४०. हार्डवेअरच्या दुकानातलं पीओपी, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी, एवढं सामान आहे. प्लॅस्टर आणि पाण्याचं प्रमाण किती घ्यावं? बादलीत हात किती वेळ ठेवायचा आणि आधी काय लावायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

घणछिन्नी
सर, हात अजिबात ठेवायचा नाही. एक मिनिटही नाही. प्रमाणाचं नंतर सांगतो, आधी हे लिहून टाकलं.

बिंदुसरा
घणछिन्नी काकांशी पूर्ण सहमत. मी बीडला रसायनशास्त्र शिकवते. त्यामागचं कारण सांगते, म्हणजे मुख्याध्यापकांना समजावताना उपयोगी पडेल.

जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. जी पावडर उरते ती प्लॅस्टर ऑफ पॅरिस. आपण त्यात पाणी घातलं की ती ते पाणी परत धरून ठेवते आणि पुन्हा जिप्सम होते. भाजताना जी उष्णता घातली होती ती या वेळी बाहेर पडते. पातळ थरात ती हवेत निघून जाते, हाताला नुसती ऊब लागते. बादलीभर प्लॅस्टरमध्ये तिला जायला वाट नसते. जाड गोळ्याच्या मध्यभागी तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. ६० अंशांना कातडी खोलवर भाजायला पाच-सहा सेकंद पुरतात.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे याचा क्रम. प्लॅस्टर आधी घट्ट होतं आणि सर्वांत जास्त तापतं ते त्यानंतर. "गरम लागलं की हात काढू" असं कुणी म्हणेल, पण गरम लागेपर्यंत हात अडकलेला असतो. वर ते घट्ट होताना किंचित फुगतंही.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर भागातल्या एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला असंच झालं होतं. १६ वर्षांच्या मुलीने हाताचा साचा करायला प्लॅस्टरच्या बादलीत दोन्ही हात घातले. हात निघेनात. तिची बहुतेक बोटं गेली. प्लॅस्टर साधंच होतं, कसलीही भेसळ नव्हती.

रंगपेटी
वाचून अंगावर काटा आला. हे कुठेच ऐकलं नव्हतं. गोणीवर फक्त "कोरड्या जागी ठेवा" एवढंच लिहिलंय. मग व्हिडिओतल्या मुलाला काही कसं झालं नाही?

दंतकथा
सर, व्हिडिओत बादलीत प्लॅस्टर नव्हतंच. ते अल्जिनेट असणार. मी लातूरला दातांचा डॉक्टर आहे, आम्ही कवळीचं माप घ्यायला रोज वापरतो. समुद्री शेवाळापासून निघणारी पावडर आहे. पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरासारखी होते, गरम होत नाही, तोंडात चालते म्हणजे हाताला चालतेच. ती लवचीक असते म्हणून हात हलकेच ओढून बाहेर काढता येतो. मग आत जी हाताच्या आकाराची पोकळी राहते तिच्यात प्लॅस्टर ओततात. म्हणजे प्लॅस्टर हाताला लागतच नाही. पुष्कळ व्हिडिओंत हा फरक सांगत नाहीत, आणि दोन्ही पांढरं दिसतं.

अल्जिनेट वाळलं की आकसतं, म्हणून साचा झाल्या झाल्या प्लॅस्टर ओतावं लागतं. आणि ते एकदाच वापरता येतं. एका हाताला बरंच लागतं, ४० मुलांचा खर्च शाळेला झेपेल असं वाटत नाही.

सुतळी_बॉम्ब
मी आत्ता लिहिणार होतो की ज्यांना कल्पना आवडली त्या मुख्याध्यापकांचाच हात पहिला बुडवा. प्रस्ताव तातडीने मागे घेत आहे.

मनमौजी_मानवत
मला हे जरा जास्त वाटतंय. आम्ही डिप्लोमाला असताना व्हॅसलीन चोपडून हात बुडवायचो आणि हात काढायचो. काहीही झालं नाही कुणाला. लेकरांना इतकं घाबरवलं तर ती कशालाच हात लावणार नाहीत.

बिंदुसरा
मनमौजी दादा, तुमचं घमेलं लहान असेल, प्लॅस्टर पातळ असेल, हात लवकर काढला असेल. यातलं एक जरी बदललं तरी निकाल बदलतो. व्हॅसलीन प्लॅस्टर चिकटू नये म्हणून असतं, उष्णता थोपवायला नाही. आणि ४० मुलं एकाच वेळी बसलेली असताना कुणी हात काढला, कुणी "अजून थोडं" म्हणून ठेवला, हे एका शिक्षकाने कसं पाहायचं?

गौरीची_आई
एक शंका आहे. माझ्या मुलीचा हात मोडला होता तेव्हा दवाखान्यात प्लॅस्टरच घातलं होतं ना? महिनाभर होतं. मग ते कसं चालतं?

हाडं_जुळवणारा
ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. मी नांदेडला अस्थिरोगतज्ज्ञ आहे. आम्ही वापरतो तेही प्लॅस्टर ऑफ पॅरिसच, पण पट्टीच्या कापडात बसवलेलं. आधी हाताभोवती कापसाचं अस्तर, त्यावर ओल्या पट्टीचे मोजके पातळ थर, आणि वरून मोकळी हवा. उष्णता दोन्ही बाजूंनी उडते. पेशंट "गरम लागतंय" म्हणतोच, पण ते उबेच्या पलीकडे जात नाही.

तरी दवाखान्यातही भाजण्याचे प्रकार होतात. पट्टी भिजवायला गरम पाणी घेतलं, थर फार जाड केले, किंवा ओला प्लॅस्टर उशीवर ठेवून वरून पांघरूण घातलं की होतात. आम्ही नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा पाण्यात बोट घालून बघायला शिकवतो. पाणी थंडच पाहिजे.

शिबिरात काही झालंच तर: प्लॅस्टर हातावर घट्ट होतंय असं वाटलं की वाट पाहू नका, लगेच फोडून काढा, हात वाहत्या थंड पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. डोळ्यात पावडर गेली तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुवा. पाण्याचा एक भरलेला पिंप नुसता यासाठी बाजूला ठेवा, कारण आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाला ऐनवेळी पाणी असेलच असं नाही.

काळी_माती
डॉक्टर सायब बरोबर बोलले. आमच्याकडं आठ दिसाला नळ येतो. लेकराचा हात भाजला अन् नळ सोडला तर नुसती हवा यायची.

घणछिन्नी
आता प्रमाण. संभाजीनगरला माझा मूर्तिकामाचा कारखाना आहे, आयुष्य याच कामात गेलं.

ओतकामाला १ लिटर पाण्याला साधारण १४०० ते १५०० ग्रॅम प्लॅस्टर. नेहमी पाण्यात प्लॅस्टर टाकायचं, प्लॅस्टरवर पाणी कधीच ओतायचं नाही. उलटं केलं की तळाशी कोरड्या गाठी राहतात आणि वरचं घट्ट व्हायला लागतं. टब बुडाशी पसरट आणि लवचीक प्लॅस्टिकचा घ्या, म्हणजे उरलेलं घट्ट झालं की बाहेरून दाबून पापुद्रे निघतात. लोखंडी घमेलं ठोकत बसावं लागतं.

चाळणीतून किंवा मुठीतून प्लॅस्टर हळूहळू भुरभुरायचं, पाण्याच्या सगळ्या भागावर सारखं. घाई नाही. पाण्यावर प्लॅस्टरची बेटं दिसायला लागली आणि ती बुडायची थांबली की थांबा. काटा नसला तरी हीच खूण चालते, आमच्या वस्तादांनी असंच शिकवलं. मग एक-दोन मिनिटं तसंच मुरू द्यायचं. त्याला हलवायचं नाही! नवीन माणूस इथेच चुळबूळ करतो. मुरलं की आतली हवा वर येते. मग हात तळाशी नेऊन सावकाश ढवळायचं, पृष्ठभाग खळखळवायचा नाही, नाहीतर बुडबुडे शिरतात आणि ओतकामाला भोकं पडतात. धिरड्याच्या पिठाइतकं दाट झालं की ओतायचं. दाट होऊ लागल्यावर वरून पाणी घालून "सैल" करायचं नाही, ते प्लॅस्टर मेलं. फेकून नवीन कालवा.

मनमौजी_मानवत
काका, तुम्हीच लिहिलंत "हात तळाशी नेऊन". म्हणजे हात घालायचाच ना?

घणछिन्नी
बरोबर पकडलंत. त्यातला फरक सांगायला हवा. मी हात घालतो ते प्लॅस्टर पातळ असताना, गाठी बोटांना कळाव्यात म्हणून, आणि ओतायला घेतलं की हात बाहेर, लगेच धुतलेला. घट्ट होणाऱ्या मालात हात ठेवणं ही वेगळी गोष्ट. तरी आता कारखान्यातल्या पोरांना हातमोजे घालायला लावतो, कारण प्लॅस्टर कातडीतलं पाणी आणि तेल ओढतं, भेगा पडतात. शाळेत तर कालवायचं काम मोठ्या माणसानेच, लाकडी उलथण्याने करावं.

छतवाला
मी जालन्यात फॉल सिलिंगची कामं घेतो. दुकानातल्या मालाबद्दल थोडं. "पीओपी द्या" म्हटलं की दुकानदार दोन वेगवेगळ्या गोष्टी देऊ शकतो. एक भराभर घट्ट होणारं पीओपी, आणि दुसरं भिंतीला लावायचं जिप्सम प्लॅस्टर. भिंतीच्या मालात घट्ट व्हायचा वेळ लांबवणारं रसायन घातलेलं असतं, मिस्त्रीला काम करायला वेळ मिळावा म्हणून. साच्यात ते ओतलं तर मुलं संध्याकाळपर्यंत बसून राहतील. गोणीवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

गोणी जुनी नको. हवेतली ओल खाल्लेलं प्लॅस्टर नीट घट्टच होत नाही. शिबिराच्या आदल्या दिवशी वाटीभर कालवून बघा, घड्याळ लावून. आठ ते पंधरा मिनिटांत नखाने दाबलं तर खूण उमटणार नाही इतकं व्हायला पाहिजे. गाठी असतील तर गोणी परत करा. आणि शाळेत गोणी जमिनीवर नाही, फळीवर ठेवा.

रंगपेटी
ही माहिती फार कामाची. दुकानदाराने मला "एकच असतं सर" म्हणून सांगितलं होतं! टाकीच्या पाण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड आहे, किटलीला पांढरा थर बसतो.

बिंदुसरा
दोन गोष्टी आहेत. एक, तापमान. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. कोमट पाण्यात प्लॅस्टर फार लवकर घट्ट होतं, तुम्ही ढवळेपर्यंत हातातून गेलं. आणि सुरुवातच गरम पाण्याने केली तर शेवटचं तापमानही वर जातं. माठातलं किंवा रांजणातलं पाणी वापरा, आणि काम सकाळी लवकर उरका.

दुसरी, क्षार. बोअरच्या पाण्यात मीठ आणि क्षार जास्त असले तर प्लॅस्टर लवकर पकडतं आणि वाळल्यावर अंगावर पांढरी भुकटी फुटते. शुद्धीकरण केंद्राचा एखादा जार आणलात तर काम सोपं होईल. प्यायचं पाणी यात घालवायचं नसेल तर बोअरच्या पाण्यावर आधी वाटीभर करून बघा, चालतं पुष्कळदा.

तेरणाकाठ
वेग कमी करायला लिंबू पिळतात ना थोडं?

घणछिन्नी
पिळतात. लिंबाचा रस, व्हिनेगर, सरसाचं पाणी, यांनी घट्ट व्हायला उशीर होतो. मीठ किंवा तुरटीने लवकर होतं. आणि सगळ्यात जास्त घाई करतं ते टबाला चिकटलेलं जुनं प्लॅस्टर. प्रत्येक वेळी टब पूर्ण स्वच्छ पाहिजे. लिंबाचं प्रमाण जास्त झालं तर माल ठिसूळ होतो, म्हणून शाळेत त्या भानगडीत पडू नका. थंड पाणी आणि स्वच्छ टब, एवढं पुरतं.

बिंदुसरा
आणि लिंबू घातलं म्हणून हात घालणं सुरक्षित होत नाही. उष्णता तेवढीच बाहेर पडणार, फक्त उशिरा. कुणाच्या डोक्यात येईल म्हणून लिहिलं.

तेरणाकाठ
थोडं विषयांतर करतो, पण साच्यांचा विषय निघालाय आणि मी धाराशिव जिल्ह्यातला, तेव्हा राहवत नाही. तेरला उत्खननात सातवाहनकाळातल्या ज्या छोट्या मूर्ती मिळाल्या त्यातल्या कितीतरी पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत आणि दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे, आत पोकळ. जोडाची रेघ नीट पाहिली तर दिसते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. स्त्रियांच्या केसांची रचना, दागिने, इतक्या लहान आकारात काय सफाई! सर, शिबिराआधी मुलांना फोटो तरी दाखवा. साचा ही परदेशी व्हिडिओतली गोष्ट नाही, आपल्या जिल्ह्यांत दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे करत होतं.

घणछिन्नी
तेरणाकाठ, मन खूश केलंत. मी तर म्हणतो अजिंठ्याचाही विषय काढा. तिथे चित्रांच्या खाली जो मातीचा गिलावा आहे त्यात भाताची तुसं आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत, भेगा पडू नयेत आणि पकड यावी म्हणून. आम्ही मोठ्या प्लॅस्टरच्या साच्यात नारळाचा काथ्या किंवा गोणपाट घालतो ते त्याच कारणासाठी. काथ्या घातला की पाठ पातळ ठेवता येते, वजन कमी, आणि पातळ म्हणजे तापणंही कमी. आमचा पहिला थर नेहमी गेरू किंवा नीळ घालून रंगीत असतो. नंतर साचा छिन्नीने फोडताना रंग दिसला की समजायचं, मूर्ती आता अगदी जवळ आहे, हात आवरा.

काळी_माती
आमच्या गावात गणपतीच्या मूर्ती करणारा एक जण हाय, तो बी गेरू घालतो. मला वाटायचं रंग चढवायला लागलाय.

गौरीची_आई
गणपतीवरून आठवलं. पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे ना? मग शाळेत पीओपी वापरायला चालतं का?

सुतळी_बॉम्ब
झालं, आता धागा दीडशे प्रतिसादांवर जाणार.

बिंदुसरा
ताई, तो विषय विसर्जनाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना या विसर्जन करायच्या मूर्तींसाठी आहेत. प्लॅस्टर पाण्यात मातीसारखं विरघळत नाही, तळाशी तसंच राहतं आणि त्यावरचे रंग पाण्यात उतरतात. शाळेतल्या हाताचं कुणी विसर्जन करणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या घरी मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली आहे, त्यात अमोनियम बायकार्बोनेट लागतं. बरेच जण त्याऐवजी स्वयंपाकातला सोडा टाकतात. तो सोडियम बायकार्बोनेट, पदार्थच वेगळा.

संपादक
मूर्ती आणि विसर्जन यावर वेगळा धागा आहे, पुढची चर्चा तिकडे करावी ही विनंती. इथे मूळ प्रश्न शिबिराचा आहे.

छतवाला
धुळीचं कुणी लिहिलं नाही. आमच्या कामात सगळ्यात जास्त त्रास तिचाच. गोणी फोडताना आणि चाळताना मास्क हवा, रुमाल नको. साधा कापडी मास्क बारीक पावडर अडवत नाही, एन-९५ घ्या. डोळ्यांना गॉगल. पंखा बंद. मुलांना त्या वेळी लांब बसवा, दमा असलेलं कुणी असेल तर आधी विचारून घ्या. आणि शेवटी खराट्याने झाडू नका, सगळी धूळ वर्गात उडते. ओल्या फडक्याने पुसा.

मोरीत उरलेलं प्लॅस्टर ओतू नका. ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. एका शाळेच्या इमारतीत आम्ही पाइप कापून काढलेत, आत पूर्ण ठोकळा झाला होता.

रंगपेटी
मग भांडी धुवायची कुठे? पाण्याचीही टंचाई आहे.

घणछिन्नी
ओळीने तीन बादल्या ठेवा. पहिल्यांदा टबात उरलेलं घट्ट होऊ द्या, पापुद्रे काढून कागदावर टाका. मग हात आणि हत्यारं पहिल्या बादलीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायलाच वापरा. कालवायला नाही, त्यात घट्ट झालेले कण असतात. फार कमी पाण्यात भागतं.

काळी_माती
अन् ते फेकू लागले त्याचं काय? आम्ही भुईमुगाला आऱ्या सुटायच्या टायमाला जिप्समच टाकतो की. चोपण जमिनीला बी टाकतात. मग हे शेतात टाकलं तर?

बिंदुसरा
दादा, घट्ट झालेलं साधं, बिनरंगाचं प्लॅस्टर म्हणजे रासायनिकदृष्ट्या जिप्समच, तुमचं म्हणणं बरोबर आहे. बारीक कुटून टाकावं लागेल. पण ऑइलपेंट लावलेलं, चपडा किंवा इतर काही घातलेलं अजिबात नको. आणि ओल्या कचऱ्याबरोबर खड्ड्यात पुरू नका. हवा नसलेल्या जागी कुजणाऱ्या कचऱ्यात जिप्सम असलं की सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो.

सुतळी_बॉम्ब
म्हणजे पुढच्या वर्षी सरांच्या शाळेमागे भुईमुगाच्या शेंगा. मी खायला येणार, आत्ताच सांगून ठेवतो.

दंतकथा
आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ४० मुलांना आपला हात घरी न्यायचा आहे आणि अल्जिनेट परवडत नाही. मग शाडूचाच साचा का नको? शाडूची दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची वडी थापायची, मुलाने तिच्यात पंजा दाबायचा, हात काढून धुवायचा. भोवती शाडूचीच भिंत किंवा पुठ्ठ्याची पट्टी लावायची. आणि त्या ठशात मोठ्या माणसाने प्लॅस्टर ओतायचं. निघतो तो उठावातला पंजा, रेषांसकट. प्लॅस्टर ओतताना मुलाचा हात जवळपासही नसतो. शाडू तुम्ही दरवर्षी वापरताच, त्यामुळे खर्च फक्त प्लॅस्टरचा.

बिंदुसरा
वा डॉक्टर! हिशोब मी करते. १५ बाय १५ सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची फरशी धरली तर ४५० मिलिलिटर माल लागतो. त्याला ३०० मिलिलिटर पाणी आणि साधारण ४३० ग्रॅम प्लॅस्टर. ४० मुलांचं मिळून १७-१८ किलो प्लॅस्टर आणि १२ लिटर पाणी. २० किलोची एक गोणी पुरेल, वाटीभर चाचणीलाही उरेल. एका वेळी चार-पाच मुलांपुरतंच कालवा. जास्त कालवलं तर ओतेपर्यंत घट्ट होईल.

मनमौजी_मानवत
हे मस्त आहे. आणि वर मी जे लिहिलं होतं त्यावर विचार केला, बिंदुसरा ताईंचा ४० मुलांचा मुद्दा पटला. सर, शिबिराच्या दिवशी मी मानवतहून येऊ शकतो, शाडूच्या वड्या थापायला एक माणूस तरी जास्तीचा होईल.

रंगपेटी
मनमौजी, जरूर या. तुमच्यासारखं कुणी हवंच होतं. मुख्याध्यापकांना आज सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी लगेच मान्य केलं, आणि पालकांना पाठवायच्या पत्रात "हे घरी बादलीत करून पाहू नका" असं ठळक लिहायला सांगितलं. व्हिडिओ गावात बऱ्याच जणांनी पाहिलाय, म्हणून ते वाक्य मला शिबिराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या दिवशी तेरच्या मूर्तींचे फोटो आणि शाडूत ठसे. ठसे रात्रभर ओल्या गोणपाटाखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ओतकाम, मी आणि मनमौजी, मुलं बाकांच्या मागे. मुलांना घट्ट होणाऱ्या फरशीच्या पाठीवर बोट टेकवून ऊब पाहू द्यायची का? त्यांना रसायनशास्त्र हाताने कळेल असं वाटतं.

हाडं_जुळवणारा
२ सेंटिमीटरच्या फरशीच्या पाठीवर, वरून, क्षणभर बोट टेकवायला हरकत नाही. आधी तुम्ही स्वतः टेकवून बघा, मग मुलांना द्या. खुपसायचं नाही. गोणीतल्या कोरड्या पावडरीलाही ओला हात नको.

रंगपेटी
शेवटचे दोन प्रश्न. शाडूला तेल लावावं लागेल का? आणि नाव कधी कोरायचं?

घणछिन्नी
ओल्या शाडूला काही लावू नका, तो आपोआप सुटतो. चिकटलेली माती वाळायच्या आधी मऊ ब्रशने पाण्याखाली काढा. प्लॅस्टरच्या साच्यात प्लॅस्टर ओतायचं असेल तेव्हाच साबणाचं पाणी किंवा तेल लागतं.

नाव पाठीवर. ओतल्यावर पृष्ठभागाची ओली चमक गेली की खिळ्याने कोरून घ्या, त्या वेळी अक्षर स्वच्छ उठतं. त्याच्या थोडं आधी, माल दाट व्हायला लागला की, टांगायला तारेची कडी खोचा. पितळी किंवा जस्ताचा मुलामा असलेली तार घ्या. साधी लोखंडी गंजते आणि तांबडा डाग आरपार पुढे येतो. फरशी तासाभराने सोडवा, मग सावलीत उभी करून वाळवा. पत्र्यावर उन्हात टाकू नका, फार तापलं की कडा पिठूळ होतात. आपल्या हवेत पाच-सहा दिवसांत हाताला गार लागायची थांबेल, मग रंगवायला द्या.